नारायणभाऊची स्वेच्छा

नारायणभाऊ रक्त द्यायला यायचा तेव्हा आधी भांडण ऐकू यायचं, मग तो दिसायचा. स्वतःची एक बाही वर सारलेली आणि हातात कुठल्या तरी नातेवाइकाचं मनगट. बायको वॉर्डात रक्तावाचून पांढरी पडलीय आणि नवरा 'कमजोरी येते' म्हणत पानठेल्याकडे सटकतोय, हे त्याला सहनच व्हायचं नाही. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ. ओढून आणलेल्या माणसाचं रक्त मी घेणार नाही, असं मी त्याला दर वेळी बजावायची. मग तो मनगट सोडायचा आणि त्या माणसाची समजूत काढायचा. म्हणजे आवाज तोच, फक्त शिव्या कमी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात तो स्ट्रेचर ओढायचा. कंत्राटी. त्याचा जोडीदार वसंता कधी रक्त द्यायचा नाही. अंगात ताकद आहे तोवर नोकरी, ती कशाला घालवू, असं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत म्हणायचा. नारायणभाऊ त्याला विचारायचा, "खर्ऱ्यानं येते अन् रक्त देल्लं की जाते, अशी कोणती ताकद हाये बे तुही?" सगळे हसायचे, वसंताही हसायचा, पण रक्त द्यायच्या खाटेवर यायचा नाही. आमचे साहेब लोक याला अज्ञान म्हणतात. लिफ्ट बंद पडल्यावर माणसासकट स्ट्रेचर जिन्यानं वर न्यायचं असतं, ते या साहेबांनी एकदा उचलून बघावं आणि मग बोलावं.

मग ते शिबिर आलं. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस होता. आवारात मांडव, मांडवावर फलक, फलकावर 'स्वेच्छेनं रक्तदान' आणि पुढाऱ्याचा हसरा चेहरा. कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं आदल्या दिवशीच सगळ्या कंत्राटी लोकांना सांगून ठेवलं होतं, की जो रक्त देणार नाही त्याची त्या दिवसाची हजेरी लागणार नाही. कायमच्या नोकरीवाल्यांना कुणी काही सांगितलं नाही. डॉक्टर मंडळी फीत कापून चहाला गेली.

सफाईच्या बायका निमूटपणे रांगेत उभ्या राहिल्या. मी एकेकीचं बोट टोचून हिमोग्लोबिन बघत होते आणि एकेकीला परत पाठवत होते. बहुतेकींच्या अंगात स्वतःपुरतंही रक्त नव्हतं. दवाखान्यात राबणाऱ्या बायका, आणि त्यांचं रक्त तपासलं गेलं ते एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला! त्यांतली सुशीलाबाई टोचलेलं बोट दाबून धरत सुपरवायझरकडे गेली. तो म्हणाला, रक्त नाही तर हजेरी नाही.

नारायणभाऊ तेव्हा खाटेवर आडवा झाला होता. हातावर स्पिरिटही लावून झालं होतं. तो उठला, बाही खाली केली आणि थेट सुपरवायझरपुढे जाऊन उभा राहिला. पाहुणे मंचावर होते, माइक चालू होता.

"जिच्या अंगात रक्तच नाही तिची हजेरी कापून राह्यले तुम्ही? आज मी थेंबभर देत नाही. माही बी हजेरी कापा."

तो निघून गेला. वसंतासकट उरलेले पुरुष त्याच्यामागून गेले. फलकाखाली मी, रिकाम्या खाटा आणि बिस्किटांचे पुडे एवढंच राहिलं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या करारात त्याचं नाव नव्हतं. मी अधीक्षकांना भेटले. तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे, आपल्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. शिबिराला परवानगी देणं मात्र त्यांच्या हातात होतं. नारायणभाऊ एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला.

यंदा मारेगावकडची एक बाई बाळंतपणात फार रक्त गेल्यामुळे आमच्याकडे आली. गट ओ निगेटिव्ह, पेढीत एकच पिशवी, ती लगेच चढवली. आणखी लागणार होतं. नारायणभाऊचा गट तोच; वसंतानं कुणालाही न विचारता त्याला फोन लावला. केसांत कापूस घेऊन तो तसाच आला आणि खाटेवर आडवा झाला. रक्त पिशवीत उतरत असताना अधीक्षक दारात आले. जुनं विसरून आलास, मन मोठं आहे तुझं, म्हणाले.

नारायणभाऊनं मान वळवली. "इसरलो नाही, साहेब. दवाखान्यानं काढलं मले, त्या बाईनं थोडीच काढलं? तिले देऊन राह्यलो. तुमच्यावरचा राग तसाच हाये."

साहेब गेले. बाई वाचली, आठवड्यानं बाळ घेऊन घरी गेली. नारायणभाऊ अजून गाठीच उचलतो. त्याच्यासाठी मी पुन्हा अर्ज केला, त्याचं उत्तर आलेलं नाही. राग माझाही तसाच आहे.