दुकानाच्या पायरीवरून आलेलं काळं झबलं

माझी आई गेली तेव्हा माझे दिवस भरत आले होते. बाळंतपणासाठी बेळगावला जायचं होतं, ते राहूनच गेलं. लेक बेंगळूरलाच झाली. पुढं भाऊ येऊन गेला, तेव्हा त्यानं आईची चंद्रकळा आणून दिली. काळी, पदराशी विरलेली, घडीवर पांढरट पडलेली. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची साडी ती. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आई म्हणाली होती, "नात होवो नाही तर नातू, बोरन्हाणाचं झबलं ह्याच चंद्रकळेचं शिवायचं. कशिदा घालून. आणि बोरांची पहिली ओंजळ मी घालणार." ओंजळ घालायला आई उरली नव्हती. झबलं मात्र मी लेकीला घालणार होते, आणि त्यात कुणाचं ऐकून घेणार नव्हते.

सासर शिंप्याचं. चिकपेठेच्या मागच्या गल्लीत पुढं दुकान, मागं घर. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरची. मराठी बोलायची, पण त्या मराठीत मूठभर कन्नड पडलेलं असायचंच. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. सासरे अण्णा. दुकानात कात्री अण्णांची आणि हातकाम अक्कांचं. काजं, बटणं, तुरपाई, आणि धारवाडकडच्या बायका ऑर्डर द्यायच्या त्या पोलक्यांवरचा कशिदा. त्या कशिद्यात गाठ चालत नाही. सूत मोजून टाका घालायचा, पुढची बाजू आणि मागची बाजू सारखी दिसली पाहिजे. पोलकं उलटं करून गिऱ्हाइकापुढं धरण्यात अक्कांना भारी मौज वाटायची.

मार्गशीर्षात मी चंद्रकळा काढली, आई झबल्याचं आणि पहिल्या ओंजळीचं काय म्हणाली होती ते अक्कांना सांगितलं आणि म्हटलं, ह्याचं झबलं करू या.

अक्कांनी हातातली सुई कापडातच टोचून ठेवली. "काळं? लेकराला? हब्बाला, सणाच्या दिवशी?"

"संक्रांतीला काळंच घालतात की!"

"तुमच्याकडं घालतात. इथं नाही घालत. एळ्ळु-बेल्लाचा तीळगूळ घेऊन चार बायका येणार, हिरवं-पिवळं नेसून. त्यांच्यापुढं काळ्यात गुंडाळलेली पोर ठेवायची? उद्या तिला नुसतं शिंकायला झालं, तरी म्हणतील काळं घातलं म्हणून. बेडा बाई, नकोच ते."

"पण माझ्या आईचं..."

"ते पेटीत ठेव जपून. झबलं पिवळं होईल."

मी नवऱ्याकडं गेले. ते येलहंकाला रेल्वेत कामाला होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, मला त्यात ओढू नका." एवढं बोलून वर्तमानपत्रात तोंड घातलं. बरं, म्हटलं. आमचं आम्ही बघू.

त्या दुकानाचा एक नियम होता. आजेसासऱ्यांनी घालून दिलेला. जो कुणी कापड घेऊन दुकानाची पायरी चढेल, त्याचं कापड परत पाठवायचं नाही. कसलंही असो, कुणाचंही असो. अण्णा तो नियम आल्यागेल्याला अभिमानानं ऐकवायचे. मलाच किती वेळा ऐकवला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला कडेवर घेतलं, चंद्रकळा काखोटीला मारली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. गल्लीला वळसा घालून पुढून आले, आणि पायरी चढून दुकानात उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच. घरची सून दुकानाच्या पुढच्या बाजूला कशाला जाईल!

अण्णा मशीनवर होते. त्यांनी वर पाहिलं, चष्मा कपाळावर नेला.

"हे काय गं?"

"झबलं शिवायचंय. कापड आणलंय."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, कापडाकडं पाहिलं, आतल्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यामागं अक्का होत्या आणि त्यांची चाहूल एकदम थांबली होती. अण्णांची मिशी जराशी हलली. गळ्यातली टेप काढत ते म्हणाले, "या. बसा. कुणाच्या मापाचं?"

मला अहो-जाहो! मला हसू फुटायला लागलं, पण दाबलं. लेकीला फळीवर बसवलं. तिनं टेपचं टोक तोंडात घातलं, तशीच अण्णांनी मापं घेतली.

"कशिदा घालायचाय," मी म्हटलं. "पुढं पाळणा, कडेनं हत्ती."

"सरी. पण ते काम आतलं आहे, आमच्या हातचं नाही," अण्णा मोठ्यानं म्हणाले, पडद्यापर्यंत जाईल असं.

आतून उत्तर आलं, "माझा हात काळ्याला लागणार नाही. सांगून ठेवते."

"नका लावू," मीही मोठ्यानं म्हटलं. "मी घालते."

म्हणायला काय जातं! अण्णांनी त्याच संध्याकाळी चंद्रकळेचा विरलेला भाग सोडून झबलं बेतलं. मी तुकडे घेऊन गच्चीवर उन्हात जाऊन बसले. काळ्यावर सूत दिसतंय कुठं! मोजता मोजता डोळ्यांतून पाणी यायचं, चार टाके घातले की तीन उसवायचे. हत्तीची सोंड शेपटीच्या बाजूला गेली. मागच्या बाजूला तर गाठीच गाठी. तरी मी सोडलं नाही. रोज लेक झोपली की वर जायचे, मान मोडेपर्यंत बसायचे, आणि आईची आठवण आली की सुई खाली ठेवून सरळ रडायचे.

असंच एकदा मिरच्या वाळत घालायला अक्का वर आल्या. माझ्याकडं बघायचं नाही असं ठरवूनच आल्या होत्या. पण बायका जशा दुसरीच्या पोळीकडं बघतात, तसं त्यांनी बघितलंच. जवळ आल्या. तुकडा माझ्या हातातून ओढला आणि उलटा केला.

"अय्यो!" त्या म्हणाल्या. "हे काय आहे? हत्ती आहे की म्हैस? आणि ह्या गाठी! दुकानातून असलं काम बाहेर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मग राहू द्या. मी करतेय ना!"

"गप बस."

मिरच्या तशाच राहिल्या. अक्कांनी तिथंच फतकल मारली आणि माझे सगळे टाके उसवून टाकले. त्यानंतर ते कापड माझ्या हाताला लागलं नाही. रोज उन्हं वर आली की अक्का गच्चीवर. काळं चांगलं की वाईट, हा विषयच बंद. मी खालून चहा नेऊन ठेवायचे, तो निवून जायचा.

भोगीच्या दिवशी झबलं हातात पडलं. पिवळं! हळदीसारखं पिवळंधमक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत बघ," अक्का म्हणाल्या.

आत काळं होतं. पाळणा, हत्ती, गळ्याशी बारीक फुलं, सगळा कशिदा आत. त्यांनी पिवळं अस्तर लावलं होतं, आणि शिवणी अशा बेमालूम बुजवल्या होत्या की झबलं कुठल्याही बाजूनं घालता यावं.

"अंगाला काळं लागेल, लोकांना पिवळं दिसेल. झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाही झालं," मी म्हटलं. तोंडावर म्हटलं. आणि मनात ठरवलं, उद्या बायका जमल्या की पाटावर बसवताना सगळ्यांदेखत झबलं उलटं करायचं. मग घरात काय व्हायचं ते होऊ दे.

संक्रांतीला दुपारीच बायका आल्या. देवनहळ्ळीहून आलेली बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, बत्तासे असं सगळं पातेल्यात कालवून ठेवलं होतं. लेकरावर बोरं ओतणं त्या बायकांच्या ओळखीचं होतं, त्यांच्याकडंही ओततात. लेक पिवळ्या झबल्यात, वर हलव्याचे दागिने. मी पाटाकडं निघाले. हात गळ्याच्या बंदाशी गेलाच होता, तेवढ्यात शेजारच्या घरातली म्हातारी पुढं आली. तिनं झबल्याचा काठ चिमटीत धरला.

"काय हो अक्का, इतकं साधं? घरचं दुकान, पहिली नात. स्वल्प तरी कशिदा घालायचा! गावाला घालता, आपल्या लेकराला नाही?"

अक्कांचा चेहरा असा झाला की मला भीतीच वाटली. एवढी गच्चीवरची उन्हं, एवढी मान धरून बसणं, आणि ही म्हातारी म्हणते साधं! त्या उठल्या. माझ्या कडेवरची लेक त्यांनी अक्षरशः हिसकावली. हलव्याचा हार काढला, बंद सोडले, झबलं काढलं, उलटं केलं आणि पुन्हा चढवलं. लेकीनं भोकाड पसरलं.

काळं झबलं. त्यावर लाल-पांढरे हत्ती झुलत होते.

एकीनं हळूच विचारलं, "अक्का, काळं?"

"हो, काळं!" अक्का म्हणाल्या. "कापड तिच्या त्या आजीचं आहे, काम ह्या आजीचं. बघा, नीट बघा. गाठ सापडली तर सांगा."

आई गेल्यापासून अक्कांच्या तोंडून तिचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्या मी पुसल्याही नाहीत. म्हातारी हत्तीवरून बोट फिरवून गाठ शोधत होती. तिला ती सापडली नाही.

लेकीला पाटावर बसवलं. मी पातेलं अक्कांपुढं धरलं. अक्कांनी ओंजळ भरली आणि माझ्याकडं पाहिलं.

"पहिली कोण घालणार होती म्हणालीस?"

"आई," मी म्हटलं.

"ही तिची," अक्का म्हणाल्या आणि बोरं लेकीच्या डोक्यावर ओतली. मग त्यांनी आपली ओंजळ भरायला घेतली.