बाईंच्या आतड्याचा तुकडा

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथं आम्ही माणसाची आतडी वाढवतो. एवढं सांगितलं की लोक दोन पावलं मागं सरकतात, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते. अख्खी आतडी नाही. दुर्बिणीनं तपासणी करताना डॉक्टर आतड्याच्या अस्तराचा तांदळाएवढा तुकडा काढतात आणि तो अकोल्याहून बर्फाच्या डब्यातून अमरावतीला आमच्याकडं येतो. त्यातल्या मूळ पेशी आम्ही प्लेटमधल्या जेलीच्या थेंबात बसवतो. आठवड्याभरात त्या थेंबात खसखशीएवढे पोकळ गोळे धरतात, त्यांना ऑर्गनॉइड म्हणायचं. दर आठ दिवसांनी ते फोडायचे, नव्या थेंबात लावायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे, ही एक फेरी. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं.

दर्यापूरच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करायला लावत. हे वाचा, हे सोडा. पुस्तक सगळ्यांचं एकच, खुणा मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या. पेशीतल्या डीएनएवरही अशा रासायनिक खुणा असतात. मजकूर तोच, पण लहान आतड्याची पेशी त्यातलं काय वाचते आणि मोठ्या आतड्याची काय वाचते ते त्या खुणांवर ठरतं. जुन्या आजाराच्याही खुणा उरतात. शरीराबाहेर पंधरा-पंधरा वेळा फोडून वाढवल्यावर या खुणा टिकतात की पुसल्या जातात, हे आम्हाला पाहायचं होतं.

जून महिन्यात नमुने आणायला मी अकोल्याच्या दवाखान्यात गेले होते. बाकावर त्याच बाई बसलेल्या. निवृत्त होऊन मुलाकडं राहायला आल्या होत्या, अंगानं निम्म्या झाल्या होत्या. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, सात-आठ वर्षांपासून. मी काय काम करते ते ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी नर्ससमोरच माझी पाठ थोपटली.

"तुमच्या कामासाठी लागते ना तुकडा? मंग माह्या घ्या. माह्या आतड्यात तसंबी काय ठेवलं हाय!"

सही करण्याआधी मी त्यांना सगळं समजावलं. नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो, आणि नमुना देणाऱ्याला निकाल कळवत नाहीत. हे मी त्यांना नीट सांगितलं आणि चार महिन्यांनी मीच मोडलं.

दिवाळीच्या आधी बाईंच्या आकड्याची प्लेट पंधराव्या फेरीला पोचली. आमच्याकडंच होणारी एक छोटी तपासणी मी केली. त्यात आजाराशी संबंधित पाच-सहाच जागा पाहतात. पहिल्या फेरीत बाईंच्या पेशींवर तिथं आजाराच्या खुणा ठळक होत्या, पंधराव्या फेरीत एकही नव्हती. मी खुर्चीवरून उठून दोन चकरा मारल्या. सर म्हणाले, पूर्ण तपासणीला बाहेर पाठवा, तोवर कुणाशी बोलू नका. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, शांत माणूस. त्यांचं ऐकायला काय हरकत होती? पण दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी अकोल्याची एसटी पकडली.

"बाई, शरीराबाहेर काढल्यावर तुमच्या पेशी आजार विसरल्या."

खरं कारण सांगते. मला बाईंकडून पुन्हा एकदा पाठ थोपटून हवी होती. चाळिशीला आलेली बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी धावत गेले. बाईंचे डोळे भरून आले. त्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, "आइकलं का, माह्यं आतडं बरं होऊ शकते!" असं मी म्हटलं नव्हतं. पण ते खोडूनही काढलं नाही.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. त्या रिद्धपूरला देवदर्शनाला जाऊन आल्या होत्या. दरवर्षीचं जाणं आजारामुळं सुटलं होतं, एसटीत मध्येच पोटात कळ आली तर काय, या धास्तीनं.

"दोन दिवस राह्यली, काई झालं नाई. अन् गोळ्याइलेबी सुटी देली मी. म्हतलं, आतडंच ईसरून रायलं तर आपण काहून आठवण देऊन राह्यलो!"

त्या हसल्या, मीही हसले. "डॉक्टरले विचारून घ्या बाई एकदा," असं म्हणाले, पण जेवलात का विचारावं तशा आवाजात. त्यांनी गोळ्या सोडल्या हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं मी स्वतःलाच पुष्कळदा सांगून पाहिलं की मला त्याची कल्पना नव्हती.

जानेवारीत पूर्ण तपासणीचा अहवाल आला. त्याचं पहिलंच पान मी तीनदा वाचलं. पंधराव्या फेरीच्या पेशींवर लहान आतड्याच्या खुणा होत्या. बाईंचा तुकडा मोठ्या आतड्याचा होता. आजाराची खूण पुसली जाते का हा प्रश्न होता, पण मोठं आतडं चार महिन्यांत लहान आतडं होत नाही. डीएनए ताडून पाहिला, तर माणूसच दुसरा निघाला. शेजारच्या प्लेटमधला, ज्याला काही आजार नव्हता असा.

कसं झालं ते मला तिथंच कळलं. जेली घट्ट होईपर्यंत गोळे तळाशी बसू नयेत म्हणून आम्ही प्लेट उलटी ठेवतो, तेव्हा झाकण खाली सुटं राहतं. प्लेटच्या कडेला लिहायला जागा कमी, म्हणून घाईत आकडा झाकणावर लिहायची वाईट सवय सगळ्यांना असते. याच सवयीवरून मी विद्यार्थ्यांना फैलावर घेत असे. सप्टेंबरात वीज गेली, मी या दोन्ही प्लेटा उचलून इन्व्हर्टरवरच्या दुसऱ्या इनक्युबेटरमध्ये नेल्या, सरळ केल्या आणि झाकणं बसवली. याचं त्याला, त्याचं याला. पेशींनी आपल्या खुणा शेवटपर्यंत नीट जपल्या होत्या. दुसऱ्या झाकणाखालच्या बाईंच्या खऱ्या पेशी काढून तपासल्या. तिथं आजाराची प्रत्येक खूण जागच्या जागी होती.

सरांना त्याच दिवशी सांगितलं. ते फक्त म्हणाले, "वहीत नोंद करा. यापुढं आकडा प्लेटच्या अंगावर लिहायचा." दहा मिनिटांत विषय संपला. बाईंना मी काय सांगून आले होते हे सरांना माहीत नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही.

त्यानंतर एकोणीस दिवस गेले. रोज फोन हातात घ्यायचे. आज संक्रांत आहे, आज नको. आज त्यांच्याकडं पाहुणे असतील. एकदा तर नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत तोडला. एका फोनवर त्या गोळ्या पुन्हा सुरू करणार होत्या. तेवढंच करायचं होतं, आणि मला माझं तोंड वाचवायचं होतं. याला दुसरा शब्द नाही.

विसाव्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. रात्रीपासून रक्त जात होतं, बाई दवाखान्यात होत्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मी एसटीत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, पुढं तेही सुचेना.

बाईंच्या एका हाताला रक्ताची नळी होती, चेहरा पिठासारखा. सून उशाशी उभी होती. मी खुर्चीवर न बसताच बोलले.

"बाई, त्या पेशी तुमच्या नव्हत्याच. माह्याकडून झाकणं बदलली. तुमचं आतडं काहीच विसरलं नाही."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. बाईंनी शिव्या द्याव्यात, तोंड फिरवावं, काहीही करावं असं मला वाटत होतं.

मग त्यांनी विचारलं, "कवा समजलं तुले?"

वर्गात विचारत तसाच आवाज, साधा. उत्तर मला माहीत होतं, दिवसासकट.

"काल," मी म्हणाले.

बाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं आणि सुनेकडं वळल्या.

"पाह्य, काल समजलं अन् आज धावत आली. चूक झाली त लपवत नाई. माह्या वर्गातली पोरगी हाय हे."

सुनेच्या डोळ्यांतला राग ओसरला. तिनं खुर्ची पुढं ओढून दिली आणि चहा सांगायला गेली. बाई हात सोडत नव्हत्या. मी दुसऱ्या हातानं त्यांच्या पायावरची चादर सारखी करत राहिले.