पटाच्या पलीकडच्या बाजूने

माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत हरली आणि बहारीनच्या राजधानीत, मनामाला, घरी येईपर्यंत गाडीत चाली लिहिलेल्या कागदाची घडी घालत-उलगडत राहिली. तिच्याकडे एक उंट जास्त होता. जिंकत आलेल्या डावात तिने हत्तीने फुकटचं प्यादं खाल्लं आणि पुढच्याच चालीत समोरच्या बहारिनी मुलीचा हत्ती शेवटच्या रांगेत उतरला. राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे कोंडलेला. मात.

मी अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्ट करतो. बुद्धिबळ मला तिनेच शिकवलेलं, त्यामुळे चूक दाखवायची माझी लायकी नव्हती. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी मी पट मांडला, तिने चाली लिहिलेला कागद घेतला आणि आम्ही डाव पहिल्यापासून खेळत आलो. त्या प्याद्यापाशी आल्यावर तिचे डोळे भरले. तिला म्हटलं, उठ, त्या मुलीच्या जागेवर बस.

"आता तू ती आहेस. तुला भीती कशाची वाटतेय?"

ती नाखुशीनेच पलीकडे गेली. खुर्चीवर गुडघे टेकून पटावर वाकली. एरवी मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, पण त्या दिवशी मराठीच बाहेर पडलं.

"पप्पा, हिचा राजा पण कोंडलाय!"

खरंच होतं. त्याच्यापुढेही तीन प्यादी, मागची रांग मोकळी. प्यादं खाण्याऐवजी हत्ती सरळ शेवटपर्यंत नेला असता तर मात माझ्या लेकीनेच केली असती. मलाही ते दिसलं नव्हतं. मी उठून बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. तिला हत्ती आणि उंटातला फरक कळत नाही, तरी लेकीने तिला ती चाल तीनदा करून दाखवली. मी दर वेळी टाळ्या वाजवल्या, जणू मीच जिंकलो होतो.

रविवारी शाळेतून आल्या आल्या तिने दप्तर टाकलं. मधल्या सुट्टीत तिने त्या मुलीला गाठून ती चाल दाखवली होती. ती मुलगी हसून म्हणाली होती की, मला माहीत होतं, तू प्यादं खाईपर्यंत मी श्वास रोखून बसले होते. मग दोघी पुन्हा खेळल्या.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"घंटा झाली," ती म्हणाली, "पण राजाला पळायला जागा मी आधीच करून ठेवली होती."