फळ्यावरचं विमान

वाटूर फाट्यावर एसटी थांबते तिथं एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूनं बातमी लिहायची आणि खाली चित्र काढायचं, हे काम देवानंद पेंटरचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगारही देत नव्हतं. पण चित्रातल्या गर्दीत तो गावातलीच माणसं घुसवायचा आणि लोक चहाचा कप घेऊन आपलं तोंड शोधत उभे राहायचे. "आज मी हाय का न्हाई?" एवढं कानावर पडलं की गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मंग लढाई सुरू झाली, सीमेवर विमानं उडाली आणि रस्त्याच्या पलीकडं वसंता मास्तरनं आपला फळा टांगला. शाळेतला चित्रकलेचा मास्तर हा. आजवर कधी खडू घेऊन रस्त्यावर आला नव्हता. त्यानं काय काढलं? वरून बॉम्ब पडतोय आणि शत्रूचा सेनापती लेंगा हातात धरून पळतोय. झालं! अख्खा फाटा तिकडं. लोक पोट धरधरून हसले, मोबाईलवर फोटो काढून पार अंबडपर्यंत पोचवले. इकडं देवानंदच्या फळ्यापुढं एक शेळी उभी.

त्याला जेवण गोड लागेना. त्यात बायको, बेबीनंदा, म्हणाली, "मास्तरचं चित्र बघून मी बी हसले." तेवढंच बाकी राहिलं होतं. आता घरचं माणूससुद्धा तिकडं!

"त्याचा एकच माणूस पळून राह्यला," देवानंद म्हणाला, "मी अख्खं गाव उडवून दावतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं फळा भरून टाकला. वर हे एवढं मोठं विमान, दात काढून हसणारं. खाली शत्रूचं गाव. घरं आडवी, भांडी हवेत, एक म्हातारी ढिगाऱ्याखाली आणि तिची टोपली उलटी. माथ्यावर लिहिलं, 'घ्या दिवाळी!' हात भरभर चालत होता. डोक्यात एकच, वसंत्याची जिरली पाहिजे.

आणि गर्दी झाली की! पलीकडं कुणी उरलं नाही. देवानंद छाती काढून उभा. पण कुणाला हसू येईना. लोक सवयीनं आपापलं तोंड शोधत होते आणि ते सापडत होतं. त्याच्या हाताला दुसरी तोंडं येतच नव्हती, आणि जळफळाटात हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

फाट्यावर भाजी विकणारी तुळजाबाई टोपली खाली ठेवून बघत राहिली. "देवानंदा, ही मीच हाय ना?"

"हाव मावशी. पण ते गाव शत्रूचं हाय."

"असंल. म्हातारी तर मी हाय. मी काय केल्तं रे कुणाचं?"

गर्दीच्या मागं वसंता मास्तर येऊन उभा होता. चित्रातल्या पडक्या शाळेच्या दारात त्याला आपला चष्मा दिसला. तो तसाच रस्ता ओलांडून गेला आणि खांद्यावरच्या पंच्यानं स्वतःचा फळा पुसू लागला. सगळ्या माना तिकडं वळल्या. देवानंद त्या घडीलाही जळला. पुसायलासुद्धा हाच पहिला!

त्यानं फडकं भिजवलं आणि खाली मान घालून चित्र खालून पुसायला घेतलं. तुळजाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"मला कशाला पुसतो? मी हितंच बसणार हाय. ते वरचं पूस."