लाटण्याने चाललेली पावलं

माझ्या मनगटावरच्या, पावलं मोजणाऱ्या पट्ट्याशी माझं पहिलं भांडण सायकलीवरून झालं. इकडे परदेशात, आल्मेरे गावातल्या आमच्या घरापासून पाण्याच्या कडेनं बांधापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे बारा किलोमीटर. त्या दिवशी वारा असा समोरून, की मी मुद्दाम जागच्या जागी पायडल मारतोय असं बदकांना वाटलं असेल. घामाघूम होऊन घरी आलो आणि पट्टा पाहिला. एकशे चाळीस पावलं. कॅलरी? सोफ्यावर लोळून जळल्या असत्या तेवढ्याच.

मी इंजिनिअर माणूस, कारण शोधल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मनगटाची बाजू बदलली, पट्टा घट्ट केला, अ‍ॅपमध्ये उंची-वजन पुन्हा भरलं. शेवटी उलगडा झाला. हे यंत्र पाय मोजतच नाही. ते हात मोजतं. हात ठरावीक तालात हलला की एक पाऊल. सायकलीवर हात हँडलला चिकटलेले, त्यामुळे पट्ट्याच्या लेखी मी बसून होतो.

त्याच संध्याकाळी बायकोची मीटिंग लांबली आणि पोळ्या माझ्याकडे आल्या. घरून काम सुरू झाल्यापासून आमच्या घरात जो मोकळा असेल तो ओट्याशी, असा नियम होता. अकरा पोळ्या लाटल्या, हात धुतला, पट्ट्याकडे पाहिलं. सातशे पावलं! ओट्यापासून मी वीतभरही हललो नव्हतो. बांधावर जाऊन मिळालं नाही ते मला पोळपाटावर मिळालं होतं.

हे इथंच थांबलं असतं तर गंमत होती. पण नाशिकला माझी ताई होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पळण्यात, पोहण्यात, गोट्यांत, अगदी आंब्याच्या कोयी लांब फेकण्यातही तिनं मला कधी जिंकू दिलं नव्हतं. त्या वर्षी तिला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि बाहेर साथ, म्हणून ती घराबाहेर पडेना. मग मी माझ्यासारखाच एक पट्टा तिच्या घरी पोचता केला आणि फोनवर म्हणालो, "ताई, शर्यत. रोज कोण जास्त चालतं बघू."

"कुत्र्यासारखा पट्टा बांधतोस होय रे मला?"

"घाबरलीस?"

"तुला? अरे, तुझी चड्डी सुटायची ना पळताना, ती धरून कोण धावायचं? मी. आणि तरी पुढे असायचे!"

दुसऱ्या दिवसापासून ती बिल्डिंगच्या गच्चीवर चालू लागली. पाण्याच्या टाक्यांना फेऱ्या. रात्री जेवण उरकून ती पट्ट्यावरचा आकडा पाठवायची. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असत. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच माझी नियत फिरली. तिचा दिवस माझ्याआधी संपायचा. तिचा आकडा हातात आल्यावर मला माझा ठरवता यायचा.

पहिला आठवडा मी खरोखर चाललो आणि हरलो. ताईचा निरोप आला, "परदेशातली हवा मानवली नाही वाटतं." दुसऱ्या आठवड्यात पोळ्या मी मागून घेतल्या. बायकोनं तिच्या आईला फोन करून माझं कौतुक केलं. तिसऱ्या आठवड्यात पोळ्या पुरेनाशा झाल्या. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये चेहरा कॅमेऱ्यात, गंभीर, आणि चौकटीच्या खाली मांडीवर लाटणं. कणीक नाही, पोळपाट नाही, नुसतं पुढे-मागे. एका तासात चार हजार पावलं. एकदा साहेबांनी विचारलं, तू सारखा डुलतोयस, बरा आहेस ना? मी म्हणालो, पाठीचा व्यायाम.

कॅलरींचा आकडा तर डोळे दिपवणारा. त्या भरवशावर मी जेवताना तूप लावून चौथी पोळी घेऊ लागलो. बायको एकदा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "रोज बारा हजार पावलं चालणाऱ्या माणसाच्या पँटचं बटण का लागत नाही?"

"स्नायू वाढलेत."

"पोटाला?"

ताईला मी रोज हरवत होतो. आयुष्यात पहिल्यांदा. मनाला सांगायला कारणही सोज्वळ होतं. मी जिंकलो की ती चिडते, चिडली की जास्त चालते. आणि झालंही तसंच. दोन महिन्यांनी तिची साखर खाली आली, डॉक्टरांनी शाबासकी दिली. तिनं रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा मी लाटणं फिरवत होतो. मला वाटलं, हे पुण्याचंच काम आहे.

मग एके दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती गच्चीवर होती, मास्क हनुवटीवर, धापा टाकत.

"तुझा हा पट्टा बिघडलाय रे. मी सकाळी चालते, संध्याकाळी चालते, तरी सहा-साडेसहा हजार. तू तिकडे खुर्चीत काम करून बारा करतोस. असं कसं होईल? माझा कमी मोजतोय. तू इंजिनिअर ना? बघ काय ते."

तेव्हा सांगता आलं असतं. त्याऐवजी मी चष्मा नीट केला आणि तज्ज्ञाच्या आवाजात विचारलं, "उंची किती टाकलीस?"

"पाच एक."

"कुठल्या हातात बांधलायस?"

"उजव्या. डाव्या हातात बांगड्या आहेत."

"पट्टा सैल आहे?"

"वळ उठतोय बघ!" तिनं मनगट कॅमेऱ्याला लावलं. खरंच वळ होता.

मी तो बंद करून पुन्हा चालू करायला लावला. मग म्हणालो, मोजून शंभर पावलं चाल. तिनं फोन टाकीच्या झाकणावर टेकवला आणि मोठ्यानं आकडे म्हणत निघाली. शेजारच्या गच्चीवरची बाई बघत होती, पण ताईला पर्वा नव्हती. साठाच्या पुढे माझ्या लक्षात आलं, ती उजवा पाय अर्धवट टेकवतेय. शंभर झाल्यावर तिनं पट्टा दाखवला. एकशे एक. त्या यंत्रात काडीचा दोष नव्हता.

"लंगडतेस का?"

"काही नाही रे, टाचेला फोड आलाय. हळद भरलीये."

साखरेच्या माणसाच्या पायाला फोड म्हणजे काय, हे तिला साखर निघाली त्या दिवशी मीच समजावून सांगितलं होतं. आणि तरीही मी काय म्हणालो? "ताई, सॉफ्टवेअरची चूक दिसते. चार दिवस चालू नकोस, ते आपोआप दुरुस्त होईल."

ती थांबली नाही. मी पुढे असताना ती थांबणार नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्या चार दिवसांत निदान लाटणं तरी खाली ठेवायचं! तेही केलं नाही. एकदम आकडा पडला तर तिला संशय येईल, म्हणून चालूच ठेवलं. पाचव्या दिवशी जखम चिघळली. दवाखान्यात जायची सगळ्यांनाच धास्ती असे तेव्हा, आणि ती रोज मास्कवर मास्क लावून ड्रेसिंगला जाऊ लागली. पाय वर ठेवून पडून राहायचं, चालणं पूर्ण बंद.

त्या रात्री तिचा आकडा आला, तीनशे. खाली लिहिलं होतं, "जिंकलास."

मी लगेच फोन लावला आणि सगळं सांगितलं. पोळ्या, मीटिंग, मांडीवरचं लाटणं, तिचा आकडा बघून माझा ठरवणं.

"म्हणजे माझा पट्टा बिघडला नव्हता?"

"नाही, ताई."

"ते साडेसहा हजार खरे होते?"

"खरे."

"रोजचे?"

"रोजचे."

"मला वाटत होतं, मीच संपत आले. दिवसभर चालूनही पाऊल पडत नाही, इतकी म्हातारी झाले." मग म्हणाली, "पोळ्या गोल येतात का तरी?"

हसवण्यासाठी म्हणाली ती. मला हसता आलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

टाच भरायला दोन महिने लागले. घरात तिनं कोणालाही काही सांगितलं नाही. चपलेचा पट्टा चावला, एवढंच सगळ्यांना माहीत.

सांगायचं काम मीच केलं, माझ्या पद्धतीनं. निर्बंध उठले, लोक एकमेकांकडे जेवायला येऊ लागले, आणि मी लाटणं घेऊन उभा राहून हा किस्सा साभिनय रंगवू लागलो. बदकं, साहेब, पँटचं बटण. युट्रेख्टच्या एका मित्राकडे तर लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. त्यात टाच मी कधीच येऊ दिली नाही. ताई पट्ट्याला शिव्या देते, इथे किस्सा संपायचा.

पुढच्या उन्हाळ्यात ताई आमच्याकडे आली. घरात दहा-बारा माणसं, कोणीतरी फर्माईश केली, आणि मी सवयीनं उभा राहिलो. ती समोरच बसली होती. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली, मधूनमधून "अरे, हा लहानपणापासून असाच" अशी साथही देत होती. शेवट जवळ आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा हसराच होता. फक्त उजवा पाय तिनं हळूच खुर्चीखाली ओढून घेतला, लोकांना दिसू नये म्हणून. माझी लाज तिनं झाकली होती. मी पुढचं वाक्य विसरलो, आणि लोकांना वाटलं, तोही अभिनयच.