दिसत नव्हती ती पट्टी

सेनगावजवळच्या तांड्यावरची सुनिता राठोड हिंगोलीच्या एका कारखान्यात मळणीयंत्रांची चित्रं कॉम्प्युटरवर जोडते. एका यंत्राचे तीनशेवर सुटे भाग. सगळे एकदम पडद्यावर आले की नुसतं गचपण होतं. म्हणून आड येणारा भाग ती क्लिक करून लपवते. मालक विजयकुमार कौतुकानं म्हणायचे, "ही पोरगी यंत्र कांद्यासारखं सोलते."

गेल्या भादव्यात नवं यंत्र करायचं ठरलं. सोयाबीन फुटू नये म्हणून ड्रम थोडा वर घ्यायचा होता. सुनितानं ड्रम ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची जागा बदलली आणि कागद छापून थावराकाकांपुढं ठेवला. तीस वर्षं यंत्रं जोडणारा हा फिटर कागदावर बोट फिरवत म्हणाला, "पोरी, हितं आधाराची पट्टी असती. कुठं गेली?"

"हाय की काका!" म्हणत तिनं लपवलेलं सगळं परत दाखवलं. पट्टी होतीच, पण थेट नव्या बेअरिंगच्या पोटातून आरपार गेलेली! तीन दिवसांपूर्वी तिनंच ती लपवली होती आणि साफ विसरली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काहून रडून राहिली?" थावराकाका हसले. "तू तर नुसती झाकली. म्या एकडाव पट्टी न बसवताच यंत्र गिऱ्हाइकाच्या दारात नेलं होतं!"

सुनिताही हसली. तिनं शेजारी खुर्ची ओढली. काका हात पुसून बसले. तिनं पडद्यावर यंत्राचं वरचं झाकण काचेसारखं पारदर्शक केलं, तसे ते पुढं वाकले.

"आयला! आतलं हे असं दिसतंय व्हय? हे बघ, पट्टी मागून वळव. बराबर बसंल."

जेवणाच्या सुट्टीआधी काम झालं. तेव्हापासून सुनिता छापण्याआधी एकदा सगळे भाग उघडे करून पाहते. काकांसाठी तिनं वेगळं दृश्यही जपून ठेवलं, त्यात फक्त त्यांना जोडायचे भाग दिसतात.

पहिलं यंत्र तांड्याजवळच्या शेतातच चाललं. सोयाबीन अख्खं पडत होतं. सुनिताची आई भिकाबाई ओंजळीत दाणे घेऊन सगळ्यांना दाखवत होती. तिकडं थावराकाका शेतकऱ्यांना रंगवून सांगत होते, की कॉम्प्युटरवर ह्याचं झाकण काचेचं होतं. एका म्हाताऱ्यानं जवळ जाऊन पत्र्यावर टकटक वाजवून पाहिलं.

"न्हाई बा," तो म्हणाला, "पत्राच हाय."