हरिहरचा सावधपणा

हरिहर आमच्या स्कॅन सेंटरचा कॉम्प्युटरवाला. इंजिनियर आहे, आणि ते कुणाला विसरू देत नाही. घरचा आंबा तो कोल्हापूरच्या बहिणीला एसटीने पाठवतो. कसा? एक पेटी चढवायची, ती पोचल्याचा फोन आला की मग दुसरी. तोवर बाकीचा आंबा आढीत कुजतो. बहीण म्हणते, "दादा, एकदम पाठव की रे." हा म्हणतो, "आणि हरवल्या म्हणजे?" आजवर एक पेटी हरवलेली नाही हो!

असल्या माणसाने सेंटरचा प्रोग्राम लिहिलान. मी काढलेले स्कॅन कोल्हापूरच्या डॉक्टरांना जायचे, ते बघून निदान सांगायचे. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरमध्ये सॉकेट, म्हणजे थेट जोडणी, लावायची आणि फाइल सोडायची, एवढंच काम. ह्याने फाइलच्या कण्या कण्या केल्यान. एक कणी पाठवायची, तिकडून पोचल्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, मग दुसरी. लाइन रिकामी पडलेली आणि हा आपला वाट बघतोय! वाटेत काही हरवलं तर नेटवर्क आपणहून परत पाठवतं, हे मला त्यानेच शिकवलंन.

"तुकडे मोठे कर," मी कानीकपाळी ओरडले.

"अगो ऋजुता, एखादा गेला तर जबाबदार कोण? मी!"

पेशंट बाहेर बाकावर ताटकळतायत आणि शिंच्याला स्वतःच्या कातडीची काळजी.

गेल्या मे महिन्यात त्याच्या आईलाच आणलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मेंदूत गुठळी असेल तर लगेच इंजेक्शन द्यायचं, रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतायचं. डॉक्टर स्कॅन बघून सांगणार, आणि वेळ तर हातातून चाललेला. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती.

हरिहरने ती बघितलीन. मला खुर्चीवरून जवळजवळ ढकललंन, पाठवणं थांबवलंन, प्रोग्राम उघडून तुकड्याच्या मापाचा आकडा बदललान, उत्तरासाठी थांबणारी ओळ पुसलीन. कुठे काय बदलायचं ते शोधावंसुद्धा लागलं नाही. म्हणजे मेल्याला सगळं कळत होतं! चहा निवायच्या आत स्कॅन कोल्हापुरात. "गुठळी आहे, द्या इंजेक्शन," डॉक्टरांचा फोन आला. म्हातारी बचावली. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं.

आई घरी गेली, आणि थोड्याच दिवसांत पालीहून एक बाई आली. तसंच वाकडं तोंड. मी स्कॅन सोडला आणि बघते तर पट्टी हलेना. आकडा पुन्हा पहिल्यासारखा करून, पुसलेली ओळही परत घालून ठेवलीन!

"का रे मेल्या?"

"आई माझी होती, म्हणून जोखीम घेतली," तो शांतपणे म्हणाला. "लोकांच्या पेशंटसाठी मी का घेऊ?"

माझं डोकंच फिरलं. "बाहेर तिचा नवरा बसलाय. त्याला आत बोलावते. हेच वाक्य त्याच्या तोंडावर बोल."

मी दाराची कडी काढली. हरिहरने दाराकडे बघितलंन, खाली मान घातलीन आणि कीबोर्ड पुढे ओढलान.